रांजणातले खडे

आमच्या गावात दूरदर्शनचा पहिला संच आला तो सोसायटीच्या सचिवांच्या घरी. रविवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात पोती अंथरून निम्मं गाव बसायचं. 'दो आँखें बारह हाथ' मी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही आमच्या शाळेची रोजची प्रार्थना होती, त्यामुळे ते गाणं सुरू झालं तशी आम्ही पोरं न सांगता हात जोडून बसलो. माझ्या शेजारी आत्या होती. गाणं अर्ध्यावर असताना ती उठली आणि चालू लागली.

तिच्या मागोमाग मी घरी गेलो. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सहाजणं सुधारली, चांगलं झालं. पर त्यांनी ज्यांस्नी मारलं, त्यांची नावं कुनी घेतली का रं?"

आत्याच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या मामांचा, खून झाला होता. बांधावरून. मारणारा परका नव्हता, मामांचा चुलतभाऊच. नांगराची दोन तासं अलीकडे की पलीकडे, एवढ्यावरून भर उन्हात कुऱ्हाड चालली. त्याला जन्मठेप झाली होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो, आणि आत्याच्या त्या प्रश्नाला आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

हा चित्रपट मी नंतर अनेकदा पाहिला. तो मला मनापासून आवडतो. माणूस बदलू शकतो यावर माझा विश्वास आहे आणि तो विश्वास रुजवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. पण पापी माणसाच्या उद्धाराची गोष्ट आपण ज्या रीतीने सांगतो, पडद्यावर, कीर्तनात आणि आता तुरुंग सुधारणेच्या चर्चासत्रांतही, तिच्यात एक जागा रिकामी राहते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची. ही जागा भरल्याशिवाय उद्धार पुरा होत नाही, आणि आपल्या जुन्या धर्मकथांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, असं मला वाटतं.

आधी चित्रपटाविषयी. व्ही. शांताराम यांनी तो 1957 साली केला. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं, गीतं भरत व्यासांची. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. आदिनाथ नावाचा एक जेलर खुनाच्या शिक्षेतले सहा कैदी निवडतो, त्यांची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्यांना एका ओसाड शेतावर नेतो. साखळदंड नाहीत, गज नाहीत. ते जमीन फोडतात, भाजी पिकवतात, बाजारात नेऊन विकतात. बाजार मुठीत असलेल्या व्यापाऱ्याला ते खपत नाही, आणि शेवटी त्याच्या माणसांनी आणलेल्या संकटाशी झुंजताना आदिनाथ मरतो. राहतात ते त्याचे दोन डोळे. ते या बारा हातांवर कायमचे रोखलेले.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. वॉर्सॉत वाढलेला हा ज्यू माणूस गांधीजींच्या प्रभावाने भारतानंद झाला होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत उतरवून जगापुढे नेणारे तेच. आत्मज्ञान आणि तुरुंग या दोन्हींत एकाच माणसाला रस असावा, यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: माणूस म्हणजे त्याने केलेलं कर्म, की त्याहून अधिक काही?

माडगूळकर त्याच मातीतले. शेटफळे, माडगुळे ही गावं आटपाडी तालुक्यातलीच. माणदेशाची ती जमीन ज्याने पाहिली आहे त्याला चित्रपटातल्या ओसाड शेताचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पावसाची वाट पाहण्यात जिथे आयुष्य जातं, जिथे विहिरीला पाणी लागलं तर गाव गूळ वाटतं, तिथे खुनी माणसाच्या हाताने हिरवी भाजी उगवणं हा साधा प्रसंग नव्हे. स्वतंत्रपूर आजही आहे. आता ते सांगली जिल्ह्यात मोडतं, राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि तिथले कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात.

चित्रपटात देव आहे, पण त्याला नाव नाही. 'मालिक' एवढंच. प्रार्थना म्हणायला देऊळ लागत नाही, पुजारी लागत नाही. फाळणीला जेमतेम दहा वर्षं झाली होती, तेव्हा असा बिननावाचा देव पडद्यावर आणणं ही शांताराम यांची मोठी सूज्ञता होती. नाव आहे ते जेलरला. आदिनाथ. जैनांचे पहिले तीर्थंकर आदिनाथ, म्हणजेच ऋषभदेव. माणसाला शेती त्यांनी शिकवली असं ती परंपरा मानते. नाथपंथाची सुरुवातही आदिनाथापासून, म्हणजे शिवापासून, आणि त्याच धाग्याने ती ज्ञानेश्वरांपर्यंत येते. खुन्यांच्या हाती नांगर देणाऱ्या माणसाचं नाव आदिनाथ आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. 'जे खळांची व्यंकटी सांडो' असं मागितलं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ राहो, त्याचा वाकडेपणा गळून पडो. सातशे वर्षांपूर्वी नेवाशात बसून केलेल्या या मागणीला आजच्या भाषेत तुरुंग सुधारणा म्हणतात. आपण ती लग्नात म्हणतो, सभा संपताना म्हणतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बातम्यांपुढे बसून 'भर चौकात फाशी द्या' म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. मामांच्या खटल्याच्या निकालादिवशी आमच्या घरात फाशी झाली नाही म्हणून लोक रडले होते.

तर चित्रपटातली वाकडेपणा गळण्याची वाट कोणती? मराठीत एक बोलणं आहे: जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. आदिनाथाची सगळी धडपड ही जनाची लाज मनाची करण्याची आहे. तुरुंगात पहारेकऱ्याचे डोळे होते, तिथे भीती होती. शेतावर आदिनाथाचे डोळे आहेत, तिथे शरम आहे. तो गेल्यावर डोळे आभाळात जातात, म्हणजे खरं तर कैद्यांच्या आत जातात. पुढे पहारा लागत नाही. भीतीकडून शरमेकडे आणि शरमेकडून विवेकाकडे असा हा प्रवास आहे, आणि शांताराम यांनी तो उपदेशातून कमी आणि चित्रांतून जास्त दाखवला. बैलाशी झुंज चित्रित करताना त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. ज्या चित्रपटाचं नावच डोळ्यांवरून आहे त्यासाठी त्यांनी हीही किंमत मोजली.

पण इथेच माझी हरकत सुरू होते. जनाची लाज मनात उतरली, हे चांगलंच झालं. मात्र ती उतरता उतरता 'जन' कुठे गेले? कैद्याकडे पाहणारे दोन डोळे आहेत ते त्याच्यावर माया करणाऱ्याचे. ज्याचा बाप, नवरा, मुलगा त्याने मारला त्या घरातलेही डोळे आहेत. चित्रपटाचा ओघ त्या घराकडे वळत नाही. पश्चात्ताप होतो तो गुरूपुढे, देवापुढे, आपल्याच मुलाबाळांपुढे. आत्या उठून गेली ती यामुळे.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. वाटमारी करणारा वाल्या, नारदमुनी, 'या पापात वाटेकरी होशील का' हा बायकोमुलांना विचारलेला प्रश्न, त्यांचा नकार, मग 'मरा मरा' म्हणता म्हणता झालेलं रामनाम, अंगावर वाढलेलं वारूळ. पण आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्यात आणखी एक वस्तू असायची. रांजण. एक माणूस मारला की वाल्या रांजणात एक खडा टाकायचा. असे सात रांजण भरले होते. आजी हाताने रांजणाची उंची दाखवायची, आणि आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढे ते खडे दिसायचे, एकावर एक, कुणाचं नाव नसलेले, पण प्रत्येक खडा म्हणजे एक माणूस.

त्या रांजणांचं पुढे काय झालं? हे मी आजीला विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नाही, तिला ते कुणी सांगितलंच नसावं. वाल्याचा वाल्मीकी झाला, रामायण झालं, आणि रांजण तसेच कुठे तरी रानात राहिले. आपल्या भाषेत 'वाल्याचा वाल्मीकी' हा शब्दप्रयोग रोज वापरला जातो. पक्ष बदललेल्या पुढाऱ्यासाठीसुद्धा वापरतात. त्यात रांजण कुठेच नसतो. तरीही ज्याने ही लोककथा पहिल्यांदा सांगितली त्याला हिशेब ठेवणं गरजेचं वाटलं होतं, हे मी विसरू शकत नाही. पाप म्हणजे एक धूसर काळोख नव्हे, मोजता येतील इतके खडे, असं तो सांगतो.

आणि ती दुसरी गोष्ट: बायकोमुलांचा नकार. 'तुझ्या कमाईत आमचा वाटा, तुझ्या पापात नाही.' ही कथा म्हणते, पापाला वाटेकरी नसतो. आदिनाथ याच्या उलट वागतो. तो परका असून म्हणतो, मी तुमचा जामीन. या एका बाबतीत चित्रपट लोककथेच्या पुढे गेला असं मी मानतो. माणूस एकट्याने सुधारत नाही. कुणी तरी स्वतःचं काही पणाला लावून त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, 1960 मध्ये, विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि वीसेक बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. शिक्षेत सूट मिळेल असं वचन विनोबांनी दिलं नव्हतं. तरी ते आले, कारण एक म्हातारा निःशस्त्र त्यांच्या भागात आला होता.

बुद्धाच्या परंपरेतली अंगुलिमालाची कथा मला या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. तीही महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, पण बहुतेक वेळा निम्मीच. बोटांची माळ गळ्यात घालणारा खुनी, त्याच्यापुढून शांतपणे चालत जाणारे भगवान, 'मी थांबलो आहे, तू थांब' हे उत्तर, आणि अंगुलिमाल भिक्खू होतो. इथे आपण टाळ्या वाजवतो. पाली कथा इथे संपत नाही. पुढे अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो. लोकांची ढेकळं, काठ्या, खापऱ्या त्याच्या अंगावर येतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्ताने माखलेला तो परत येतो. तेव्हा बुद्ध त्याला काय सांगतात? 'लोक वाईट आहेत' असं सांगत नाहीत. 'तू आता पवित्र झालास, हे तुझ्या वाट्याला यायला नको होतं' असंही नाही. सांगतात की सहन कर. हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, ते तू इथेच भोगतो आहेस.

या प्रसंगात श्रावस्तीच्या लोकांना कुणी क्षमा करायला लावलेलं नाही. त्यांचा राग कथेने जागच्या जागी ठेवला आहे. आणि अंगुलिमालाची मुक्तीही खोटी ठरवलेली नाही. दोन्ही खरं. त्याच कथेत एक अडलेली बाळंतीण आहे. तिच्यासाठी सत्यवचन उच्चारायला बुद्ध त्यालाच पाठवतात आणि ती सुखरूप सुटते. ज्याने जीव घेतले त्याच्या हातून एक जीव जन्माला यायला मदत होते. म्हणजे आतल्या शांतीवर भागत नाही. ज्या गावातलं काढून घेतलं त्या गावाला काही परत द्यावं लागतं, आणि ते देताना खापऱ्या खाव्या लागतात.

आपल्या भाषेकडे पाहा. पापाच्या पुढे काय करायचं यासाठी मराठीत केवढे शब्द आहेत! पश्चात्ताप, प्रायश्चित्त, पापक्षालन, परिमार्जन, उद्धार. यातला प्रत्येक शब्द पाप करणाऱ्याकडे पाहतो. तो तापतो, तो धुतला जातो, त्याचा उद्धार होतो. ज्याचं गेलं त्याच्याकडे पाहणारा एकच शब्द आहे, भरपाई. आणि तो तलाठ्याच्या पंचनाम्यात किंवा विम्याच्या अर्जात सापडतो, देवघरात सापडत नाही. हा शब्द मला देवघरात आणायचा आहे. तुरुंगातही.

आज तुरुंगाबद्दल बोलायचं तर आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. देशातल्या कैद्यांपैकी दर चारांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांच्यापुढे उद्धाराची भाषा बोलणं हाच अन्याय आहे, त्यांना आधी निकाल द्या. आणि आत गेलेल्यांना सगळ्यांना सारखं वागवलं जातं असंही नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरवणारी कलमं होती. ती घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावं लागलं. ज्या भिंतीआड माणूस सुधारावा अशी अपेक्षा, तिथेच त्याला त्याची जात पुन्हा शिकवली जात होती. चित्रपटात सहा जण एका पंगतीत जेवतात, एका मातीत राबतात. साठ-पासष्ट वर्षं आपण तो पाहून टाळ्या वाजवल्या आणि नियमपुस्तकं तशीच ठेवली.

म्हणून मला खुले तुरुंग हवे आहेत, आणि पुष्कळ हवे आहेत. येरवडा, पैठण, मोर्शी, विसापूर इथे महाराष्ट्राने ते चालवून दाखवले आहेत. राजस्थानात सांगानेरला कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतात. हजेरीला त्यांना कुणी ओढत आणत नाही. तरी अशा जागा देशभरात मूठभर आहेत, आणि आहेत त्याही पुऱ्या भरत नाहीत. जन्मठेपेचा माणूस किमान 14 वर्षं बंद दाराआड ठेवून एके दिवशी एसटी स्टँडवर सोडून दिला, तर तो गावात कसा नांदणार? दार हळूहळू उघडावं लागतं.

पण त्या शेतावर पिकणाऱ्या भाजीच्या पैशाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या खटल्यात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. सक्तमजुरीच्या कैद्याला योग्य मजुरी मिळालीच पाहिजे, आणि त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढायची तरतूद राज्यांनी करावी. मला हा निकाल कुठल्याही प्रवचनाइतका धार्मिक वाटतो. कैद्याचं श्रममूल्य त्यात आहे आणि रांजणातला खडाही. 2008 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत 357-अ कलम आलं, पीडितांच्या भरपाईच्या योजना राज्यांनी केल्या. ते चांगलंच आहे. पण सरकारी तिजोरीतून आलेला धनादेश आणि मारणाऱ्याच्या घामातून आलेले शंभर रुपये यांत फरक आहे. दुसऱ्यात कबुली आहे.

मला दोन बाजूंनी विरोध होईल हे माहीत आहे. एक बाजू म्हणेल, खुन्याला शेत, बायकोमुलं आणि मजुरी कशाला? त्यांना मी एवढंच सांगेन की मी त्या घरातला आहे. आमच्या घरात चौदा वर्षं त्याच्या हालअपेष्टांची कल्पना करण्यात गेली, आणि त्याने आत्याची एक रात्रसुद्धा हलकी झाली नाही. तो आत कुजत होता तेव्हा बाहेर आत्याची जमीन पडीक होती.

दुसरी बाजू अधिक मायाळू आहे. ती म्हणते, पीडिताला पुन्हा यात कशाला ओढता? तिच्यावर क्षमा करण्याचं ओझं कशाला? ही शंका रास्त आहे. म्हणून नीट सांगतो, तिने क्षमा करावी असं मी म्हणत नाही आहे. क्षमा ही कुणाकडून वसूल करायची गोष्ट नाही, आणि क्षमा न करणाऱ्या बाईला कोत्या मनाची ठरवण्याचा अधिकार ना कीर्तनकाराला आहे ना समुपदेशकाला. माझं म्हणणं हिशेबापुरतं आहे. तिला कळवा. तो संचित रजेवर, म्हणजे तुरुंगातून काही दिवसांच्या सुट्टीवर, येणार आहे हे तिला बाजारातल्या गर्दीतून कळू नये. आत्याला ते तसंच कळलं होतं, हातात पिशवी असताना, आणि ती तिथेच मटकन बसली होती. तिला विचारा. तिला काही बोलायचं आहे का, काही परत हवं आहे का, की काहीच नको. तिने 'काहीच नको' म्हटलं तर तेही नोंदवा. आणि कैद्याला खुल्या तुरुंगात पाठवण्याआधी त्याला एक काम द्या: ज्याला मारलं त्याचं नाव, त्याच्या घरी कोण कोण होतं, त्यांचं आता काय चाललंय, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. प्रार्थना रोज म्हणा, पण तिच्या आधी हे.

चौदा-पंधरा वर्षांनी तो परत आला. तेव्हा मी कॉलेजात होतो, सुट्टीला आलेलो. आत गेला तेव्हा उंचापुरा होता, आला तो वाकलेला. गावाने त्याला खापऱ्या मारल्या नाहीत. गाव त्याच्याशी बोललं नाही, इतकंच. पिठाच्या गिरणीत तो उभा राहिला की बायका आपापले डबे पुढे सरकवायच्या आणि बाहेर जाऊन थांबायच्या. आठवडी बाजारात तो मेथीच्या जुड्या घेऊन बसायचा, दुपारपर्यंत त्या सुकायच्या. एकदा आत्या आणि मी त्याच्यापुढून गेलो. त्याने मान वर केली, "वहिनी" एवढंच म्हणाला, आणि पुढे त्याला शब्द सापडला नाही. आत्या थांबली. जुड्यांकडे पाहिलं. मग चालायला लागली. मेथी घेतली नाही. घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, नांगरट झाल्यावर, आमच्या वाटेकऱ्याने येऊन सांगितलं की रानात काही तरी चाललंय. आम्ही गेलो. तो एकटाच होता. पहारीने बांध फोडत होता, आणि बांधाचे दगड एकेक उचलून आपल्या रानात दोन तासं आत नेऊन लावत होता. मामांचा आग्रह होता तिथे. मोठे दगड त्याला उचलत नव्हते, ते तो लोटत नेत होता. आम्हाला पाहून थांबला नाही. आत्या बाभळीखाली उभी राहून पाहत राहिली. शेवटचा दगड बसेपर्यंत ऊन कलतीला आलं होतं. तो पहार खांद्यावर टाकून निघून गेला.

आत्याने पुढेही त्याच्याशी बोलणं ठेवलं नाही. त्याच्या मातीलाही ती गेली नाही. पण मृगाचा पाऊस झाला आणि वाटेकरी पेरणीला आला, तेव्हा त्याने जुन्या बांधाच्या खुणेशी बैल वळवले. आत्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "तितं कशाला वळीवतोस? दगडापातुर पाभर चालीव."